गॅरेजमध्ये काम केल्यावर इंजिन सीझ झालं तर? तुमचे हक्क आणि मोबाइलमध्ये जपायचे पुरावे

गाडी सर्व्हिसिंगला दिली, पैसे दिले आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन बंद पडलं. गॅरेजवाला म्हणतो, "गाडी जुनी आहे भाऊ, हे कधी ना कधी व्हायचंच होतं." अशा वेळी खर्च कोणी करायचा? ही वेळ माझ्यावर आली होती. म्हणून या लेखात कायदा काय सांगतो आणि तुमचा मोबाइल तिथे कसा कामाला येतो, हे दोन्ही पाहू.

माझ्या बाबतीत काय झालं?

माझी १२५ सीसीची बाइक. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये संध्याकाळी ऑइल बदललं आणि सकाळी साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटात इंजिनातून खडखड आवाज आला, गाडी ओढेना आणि मग जागीच थांबली. किकसुद्धा खाली जाईना. उशीर होणार हे कळवायला मी मित्राला रस्त्याकडेच्या गाडीचा एक फोटो पाठवला आणि टेम्पो करून गाडी त्याच गॅरेजला आणली.

इथे माझी चूक झाली. "ठेवून जा, उद्या खोलून बघतो," असं मेकॅनिक म्हणाला आणि मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो तर ब्लॉक-पिस्टन टेबलावर, इंजिन पुसून स्वच्छ आणि खालचा ड्रेन बोल्ट घट्ट बसवलेला. "रिंग गेल्या होत्या दादा, गाडी ऑइल खात होती," हे उत्तर. खर्च सांगितला ११,४०० रुपये.

ऑइल गळून गेलं की पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासतात, तापतात आणि एकमेकांत अडकतात. यालाच इंजिन सीझ होणं म्हणतात. अनेक छोट्या बाइकना ऑइल कमी झाल्याचा दिवाच नसतो, त्यामुळे चालवणाऱ्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मला वाचवलं ते मित्राला पाठवलेल्या फोटोने. तो मोठा करून पाहिला तर ड्रेन बोल्टपासून मागच्या चाकापर्यंत ऑइलचा ओघळ दिसत होता. रिंग झिजल्या तर ऑइल आत जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ते बोल्टमधून असं बाहेर गळत नाही. दुसऱ्या सर्व्हिस सेंटरने फोटो आणि सुटे पार्ट पाहून हेच लेखी दिलं.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही 'सेवा' आहे आणि निष्काळजीपणे केलेलं काम म्हणजे 'सेवेतील त्रुटी'. दुरुस्तीचा खर्च, दिलेली मजुरी, गाडी वाहून नेण्याचं भाडं आणि झालेल्या त्रासाची भरपाई तुम्ही मागू शकता.

भारतीय करार कायदा, १८७२ देखील मदतीला येतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तितक्या काळजीने सांभाळली पाहिजे, असं कलम १५१ सांगतं. भिंतीवर 'आम्ही जबाबदार नाही' असा बोर्ड लावला म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

डिलिव्हरीचं काम करून पोट भरत असाल तरी तुम्ही ग्राहकच आहात. स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेली सेवा 'व्यावसायिक' धरून बाहेर काढली जात नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. "गॅरेजमधून आणली आणि बंद पडली" एवढं पुरेसं नाही. त्या कामातल्या चुकीमुळेच इंजिन गेलं, हा दुवा तुम्हाला दाखवावा लागतो. ब्रेक शू बदलल्यावर तीन महिन्यांनी इंजिन गेलं तर तो दुवा जुळणार नाही.

इंजिन उघडण्याआधी मोबाइल काढा

१. आवाज आला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला की लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. दिवा दिसूनही गाडी दामटली तर नुकसानीचा काही दोष तुमच्यावर येऊ शकतो.

२. जागेवरच फोटो आणि व्हिडिओ घ्या : किलोमीटरचा आकडा, इंजिनची खालची बाजू, ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, जमिनीवरचे डाग. कारमध्ये डिपस्टिक आणि कूलंटची टाकीही घ्या. मूळ फाइल डिलीट करू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल क्लाउडवरही ठेवा.

३. गॅरेजला लेखी मेसेज करा : "माझ्यासमोरच इंजिन उघडा, तोपर्यंत हात लावू नका." उघडताना व्हिडिओ काढा आणि जुने पार्ट मागून घ्या.

४. जमलं तर गाडी आधी दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथून फक्त खर्चाचा अंदाज घेऊ नका, बिघाडाचं कारण सही-शिक्क्यासह लिहून घ्या. सगळ्यात वजनदार कागद हाच.

५. बिल, जॉब कार्ड, यूपीआय पेमेंट आणि चॅटचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. बिल दिलं नसेल तर मागा. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' धरली आहे.

गॅरेजवाला गाडी अडवून ठेवतो?

केलेल्या योग्य कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला आहे. पण "तक्रार मागे घे, मग गाडी नेतो" असं म्हणायचा हक्क नाही. गाडी तातडीने हवी असेल तर बिल भरा आणि "रक्कम हरकत नोंदवून देत आहे" असा मेसेज त्याच वेळी पाठवून ठेवा.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

पहिली पायरी नोटीस. काय काम दिलं, काय बिघडलं, किती रक्कम हवी हे साध्या मराठीत लिहा, १५ दिवसांची मुदत द्या आणि स्पीड पोस्टने पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. १९१५ वर फोन करा किंवा ८८००००१९१५ वर व्हॉट्सअॅप करा. ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 'ई-जागृती' पोर्टलवर खातं उघडून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. वकील लावणं सक्तीचं नाही. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मुदत आहे कारण घडल्यापासून २ वर्षं.

फी किती? ५ लाख रुपयांपर्यंत शून्य. आणि इथे मोजतात ती तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नाही. म्हणजे ५०० रुपयांच्या ऑइल चेंजमुळे ६०,००० रुपयांचं इंजिन गेलं तरी फी भरावी लागत नाही. आयोगाचा आदेश पाळला नाही तर दंड किंवा तुरुंगवासाची तरतूद आहे.

शेवटी माझं काय झालं?

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. नोटीस मिळाल्यावर बाराव्या दिवशी मालकाचा फोन आला. त्याने तो फोटो पाहिला आणि ८,००० रुपये द्यायला तयार झाला. उरलेले ३,४०० मी सोडले, कारण इंजिन माझ्यामागे उघडलं गेलं होतं आणि बोल्ट सैल होता हे थेट दाखवणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. घाटात खाली वाकून दोन फोटो जास्त काढले असते, तर तेही मिळाले असते.

बाइक असो की कार, आजपासून एक सवय लावून घ्या. गॅरेजमध्ये गाडी देताना आणि घेताना किलोमीटरचा आकडा आणि इंजिनची खालची बाजू यांचे फोटो काढा. अर्धं मिनिट लागतं. आणि गाडी दुरुस्तीला टाकणाऱ्या मित्राला हा लेख आजच पाठवा, इंजिन गेल्यावर नको.