वडवणीच्या जमिनीकडे पाहताना

बीडहून तेलगावमार्गे परळीकडे निघालेल्या प्रवाशाला वडवणी दिसते ती बसच्या खिडकीतून. खता-बियाण्यांची दुकाने, रस्त्याकडेला उभे ट्रॅक्टर आणि गाव संपता संपता शेतात रोवलेल्या चुन्याच्या खुणा, बाजूला प्लॉटिंगची पाटी. पुढचा थांबा येतो आणि गाव मागे पडते. स्थावर मालमत्तेतल्या गुंतवणुकीवर मराठीत जे लिहिले जाते तेही बहुधा असेच पुढे निघून जाते, पुण्याच्या हिंजवडी-वाघोलीकडे, फार तर छत्रपती संभाजीनगरपर्यंत. वडवणीसारख्या ठिकाणी कोणी का थांबावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर द्यायचा हा प्रयत्न आहे.

पहिले कारण असे की महानगरातली सदनिका विकत घेणारा माणूस एक तयार वस्तू घेतो. तिची कागदपत्रे बँकेच्या वकिलाने तपासलेली असतात आणि तिचा भाव शेजारच्या इमारतीवरून कळतो. तालुक्याच्या गावात जमीन घेणाऱ्याला मात्र इतिहास, पाणी, कायदा आणि माणसे हे सगळे एकदम वाचावे लागते. त्यामुळे जमीन या विषयाचा खरा अभ्यास करायचा असेल तर छोटे गाव ही उत्तम शाळा आहे, असे माझे मत आहे.

दुसरे कारण, या गावात झालेले बदल. वडवणी गेल्या शतकाच्या अखेरीस तालुका झाली. गावात तहसील कचेरी आणि पंचायत समिती आली की त्यांच्यामागून काय काय येते, हे मराठवाड्यात वाढलेल्यांना सांगायला नको. दस्तलेखक येतात, झेरॉक्सची दुकाने येतात, बदलीवर आलेल्या शिक्षक-लिपिकांना भाड्याच्या खोल्या लागतात, शिकायला आलेल्या मुलांसाठी खाणावळी निघतात. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतले आणि वडवणीचा कारभारही नगरपंचायतीकडे गेला. जमिनीच्या दृष्टीने हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. बांधकामाची परवानगी देणारे कार्यालय बदलते, घरपट्टीची नोंदवही बदलते, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे प्राप्तिकराचे गणितही बदलू शकते.

तिसरा बदल रेल्वेचा. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडकरांनी आपल्या शहरातून सुटणारी रेल्वे पाहिली. वडवणी या मार्गावर बीड आणि परळी यांच्या मध्ये येते. या रेल्वेचा आनंद आमच्या भागाला किती झाला हे बाहेरच्यांना कळणे अवघड आहे. पण गुंतवणूकदाराने आनंदाच्या दिवशीही थोडा हिशेब करावा. वार्षिक ७.२ टक्के चक्रवाढीने पैसा साधारण १० वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे ३० वर्षांत आठपट. मंजुरीची बातमी वाचून ज्याने १९९५ च्या सुमारास मोकळी जमीन घेतली, त्याची जमीन गाडी येईपर्यंत आठपट झाली असेल तर तो बँकेतल्या ठेवीशी जेमतेम बरोबरीत राहिला. आणि त्या काळी ठेवींचे दर याहून बरेच वर होते. प्रकल्प खरा होता, बातमीही खरी होती, फक्त वेळेची किंमत कोणी धरली नाही. ‘इथून स्टेशन दोन किलोमीटरवर’ असे सांगणाऱ्याला म्हणूनच अंतराबरोबर वर्षेही विचारावीत.

मग मागणी कोणाची? हा या विषयाचा गाभा आहे आणि पाट्या लावणारे त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात, हंगाम संपला की परततात, आणि उचल फिटून गाठीला चार पैसे राहिले तर तालुक्याच्या गावी गुंठा-दीड गुंठा घ्यायचे स्वप्न पाहतात, मुलांची शाळा तरी एका जागी व्हावी म्हणून. दुसरा गिऱ्हाईक नोकरदार, त्यातही शिक्षक. तिसरा पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा. आई-वडिलांसाठी गावाजवळ पण दवाखान्याच्या सोयीचे घर त्याला हवे असते. या तिघांची मागणी खरी आहे, कारण त्यांना तिथे राहायचे आहे. मात्र पहिल्याची ऐपत गाळपाच्या हंगामावर आणि पावसावर टांगलेली असते. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ ज्यांनी पाहिले त्यांना हे कळेल. चौथा गिऱ्हाईकही असतो, दुसऱ्याला विकण्यासाठीच घेणारा. एखाद्या लेआउटमध्ये हाच चौथा जास्त असेल, तर तुम्ही पुढे विकणार कोणाला, याचा विचार तुम्हीच करा.

आता कागदांकडे वळू. इथे वाचकांनी थोडा धीर धरावा. ही वाट रूक्ष वाटते, पण मराठवाड्याच्या जमिनीची खरी गंमत इथेच आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले. त्यामुळे पुण्या-साताऱ्याच्या वकिलाला पाठ असलेला मुंबई कूळकायदा इथे चालत नाही. इथे चालतो हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. मालकीचा मागोवा घेताना इथला जाणकार पहिल्यांदा विचारतो, ‘खासरा काढला का?’ १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक म्हणजे त्या वेळी जमीन कोणाच्या नावे होती आणि प्रत्यक्ष कोण कसत होते याची नोंद. आजचा सातबारा कितीही स्वच्छ दिसला तरी तो खासऱ्यापर्यंत मागे जुळला पाहिजे. मधल्या काळात एकत्रीकरण योजनेने जुन्या सर्व्हे नंबरांचे गट केले. तेव्हा आजचा गट नंबर जुन्या कोणत्या सर्व्हे नंबरातून आला, त्याची फोड कशी झाली, हेही पाहावे लागते. बऱ्याच घरांत भावाभावांतले वाद इथेच अडकलेले असतात.

त्याहून जपायचे ते इनामी जमिनींना. निजामाच्या काळी मशीद, दर्गा, मंदिर यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींना खिदमतमाश म्हणत, व्यक्तीच्या उपजीविकेसाठी दिलेल्यांना मदतमाश. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामे गेली, पण दोन्ही प्रकारांचे भवितव्य वेगळे राहिले. मदतमाश जमिनी नजराणा भरून मोकळ्या करता येतात. खिदमतमाश देवस्थानाची किंवा वक्फची राहते आणि नुसत्या कोणाच्या सहीने विकली जात नाही. बीड जिल्ह्यात इनामी जमिनींच्या बेकायदा व्यवहारांवर फौजदारी गुन्हे दाखल झाले आहेत, ही जगजाहीर गोष्ट आहे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले, इतर हक्कांत इनाम, कूळ, गायरान, सिलिंग, पुनर्वसन यांपैकी एखादा शब्द दिसला, की तिथेच थांबावे. तो शब्द ‘काढून देतो’ म्हणणारा माणूस भेटेलच. त्याने आधी काढावा, मग व्यवहार.

छोट्या गावातला आणखी एक प्रकार म्हणजे बाँडवरचा व्यवहार. नोटरीसमोर सह्या होतात, पैसे दिले जातात, ताबाही मिळतो, आणि खरेदीखत ‘नंतर बघू’. पूर्वी हे शंभराच्या मुद्रांकावर होई, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागतो. पण कागद महागला म्हणून मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताखेरीज स्थावर मालमत्तेची मालकी विक्रीने हस्तांतरित होत नाही, आणि नोंदणी फी तरी किती, मूल्याच्या १ टक्का आणि तीही जास्तीत जास्त ३० हजार रुपये. याच्या उलट बाजूला असते नोंदलेले पण खोटे खरेदीखत, म्हणजे व्याजाने पैसे देताना तारण म्हणून लिहून घेतलेले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार अशा व्यवहाराची चौकशी १५ वर्षे मागे जाऊन करता येते आणि सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक जमीन मूळ मालकाला परत करण्याचा आदेश देऊ शकतो. विकणाऱ्याकडे जमीन कशी आली, किती कमी किमतीत आली, मूळ मालक अजूनही तीच जमीन कसतो आहे का, हे गावात दोन चहा घेऊन कळते. वकिलाच्या शोध अहवालात ते येत नाही.

एक-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांमागे तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा उभा असतो. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरले, आणि २०२५ मध्ये नागरी हद्दीतले जुने छोटे व्यवहार नियमित करण्याच्या दिशेने सरकारने मोठी सूट जाहीर केली. ही सूट आपल्या गटाला लागू आहे की नाही हे तहसीलमध्ये लेखी विचारावे, एजंटाच्या तोंडी नको. मंजूर रेखांकन, अकृषिक वापर आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे सोडलेले रस्ते व मोकळी जागा, एवढे जिथे आहे तो प्लॉट. बाकी सारे शेतच. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठे किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटचे रेखांकन असेल तर महारेराचा क्रमांकही विचारून घ्यावा.

पाण्याबद्दल मी थोडे हट्टाने सांगतो. बालाघाटाच्या उतारावरचा हा भाग पर्जन्यछायेतला आहे. तालुक्यात ऊर्ध्व कुंडलिका प्रकल्प आहे, शेजारच्या माजलगावला सिंदफणेवरचे धरण आहे; पण धरण असणे आणि नळाला पाणी येणे यांच्यात मोठे अंतर असते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. जिथे वीज केंद्राला पाणी मिळाले नाही, तिथे नव्या लेआउटच्या बोअरवर किती विसंबायचे? म्हणून जागा दोनदा पाहावी, एकदा भर पावसात आणि एकदा मे महिन्यात. पावसात ओढा कुठून वाहतो ते दिसेल, मे महिन्यात टँकर कुठल्या गल्लीत येतो ते. माझ्या मते नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपाचा नकाशा हा रेल्वेच्या नकाशापेक्षा भावाबद्दल जास्त सांगतो.

उत्पन्नाचे गणित थोडक्यात. मोकळा प्लॉट वर्षभर काहीही देत नाही, उलट कुंपण, राखण आणि अतिक्रमणाची चिंता मागतो. रस्त्यालगतचे गाळे भाडे देतात, मात्र महामार्गाकडेची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ओलांडून बांधलेला गाळा रुंदीकरणात पहिला जातो. खोल्या बांधून भाड्याने देण्यात मेहनत आहे, पण तालुक्याच्या गावात भाडेकरू मिळतो. विकताना प्राप्तिकर विसरू नये. २३ जुलै २०२४ पासून जमिनीच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या मालमत्तेवर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्यायही मिळतो. खेड्यातली शेतजमीन या करातून सुटते. परंतु १० हजार किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरपंचायतीच्या हद्दीतली जमीन सुटत नाही, आणि लोकसंख्या १० हजारांपेक्षा जास्त पण १ लाखाच्या आत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची शेतजमीनही करपात्र ठरते. नगरपंचायतीच्या दर्जाने भाव वाढतो तसा करही येतो, हे वर म्हटले होते ते याच अर्थाने.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? जमीन पाहण्याआधी आपल्याच घरचा सातबारा घ्या, म्हणजे चूक झाली तरी महागात पडणार नाही. त्याचे फेरफार मागे मागे वाचत जा, जिथे दुवा तुटेल तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. निजामकालीन कागद उर्दूत निघाला तर वाचून देणारी जुनी माणसे अजून आहेत. त्यांना मानाने विचारा, ते आनंदाने सांगतात. मग ज्या जागेचा विचार आहे तिचा खासरा, एकत्रीकरणाचा उतारा, तीस वर्षांचा शोध, वार्षिक मूल्यदर तक्त्यातला भाव आणि पोचरस्ता, या क्रमाने चला. शेवटी इसार देण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज विकणाऱ्याच्या सहीने टाका. पिके निघून रान मोकळे होते तेव्हा, गुढीपाडव्यानंतर, मोजणीला बरे पडते. ऊसतोडीला गेलेले शेजारीही तोवर परतलेले असतात आणि चतुःसीमेवर त्यांच्या समक्ष खुणा घालता येतात.