झोपेची वेळ आणि बुद्धिमत्ता

पहाटे केलेला अभ्यास लक्षात राहतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. त्यामुळे पहाटे उठणारे मूल हुशार आणि रात्री जागणारे आळशी, असे सर्रास मानले जाते. संशोधनातून मात्र वेगळे चित्र पुढे येते.

माणसाच्या शरीरात सुमारे २४ तासांचे जैविक घड्याळ असते. काहींचे घड्याळ थोडे पुढे, तर काहींचे मागे चालते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, तसाच वयाचाही. पौगंडावस्थेत झोप येण्याची वेळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. व्यक्ती 'सकाळची' की 'रात्रीची' हे ठरवण्यासाठी हॉर्न व ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते.

अमेरिकी हवाई दलात नव्याने भरती झालेल्यांची पाहणी रॉबर्ट्स व किलोनेन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत 'रात्रीच्या' व्यक्तींना बुद्धिमापन चाचण्यांत किंचित अधिक गुण मिळाल्याचे आढळले. २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही हाच कल दिसला. मात्र हा फरक अगदी नगण्य होता. शालेय गुणांत याउलट 'सकाळची' मुले पुढे होती. शाळा सकाळी भरते आणि उशिरा झोपणाऱ्या मुलांची झोप अपुरी राहते, हे याचे एक कारण मानले जाते.

झोपेची वेळ नेहमीच स्वभावानुसार ठरते, असेही नाही. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या शेतीप्रधान भागात कृषिपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळाली, की पिकाला पाणी देण्यासाठी जागावेच लागते. अशा जागरणाने कोणी 'रात्रीचा' होत नाही. त्याची केवळ झोप मोडते.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी घेतला. ज्यांचे जैविक घड्याळ सर्वाधिक मागे पडते, ती माध्यमिक शाळेतील मुले मात्र या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली.

उठण्याच्या वेळेवरून मुलाची बुद्धी जोखू नये, हाच या संशोधनाचा अर्थ. किशोरवयीन मुलांना रोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. अवघड विषय मूल ताजेतवाने असेल त्या वेळी अभ्यासावा. परीक्षा जवळ आल्यावर झोपेची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणावी. आदल्या रात्रीचे जागरण टाळावे.