साकातोन

ईशान्य मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात, आल्दामाजवळ असलेले गोड्या पाण्याचे अतिखोल सिंकहोल. पाण्याची खोली सुमारे 319 मी. खोल स्कूबा डायव्हिंगच्या इतिहासात या कुंडाला मानाचे आणि शोकाचेही स्थान आहे.

निर्मिती : पावसाचे पाणी मुरून चुनखडी विरघळते आणि सिंकहोल तयार होते, हा नेहमीचा क्रम. साकातोन मात्र खालून कोरले गेले. ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेल्या भूजलात कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड मिसळले आणि त्या आम्लधर्मी पाण्याने खडक खाल्ला. पाणी आजही कोमट, सुमारे 30° से. आहे. त्यावर गवताची बेटे तरंगतात आणि वाऱ्यासरशी सरकत राहतात.

डायव्हिंग : दर 10 मी. खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 280 मी.वर एका श्वासाला पृष्ठभागावरच्या सुमारे 28–29 पट वायू लागतो. तिथे साध्या हवेतला नायट्रोजन भूल देतो, तर ऑक्सिजनने झटके येतात. म्हणून हीलियम मिसळलेला वायू वापरतात. हीलियम घेऊन वेगाने उतरल्यास हातपाय थरथरू लागतात. उतरायला काही मिनिटे पुरतात, पण रक्तात व ऊतींत विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्यावर थांबत वर यायला कित्येक तास लागतात.

अमेरिकन डायव्हर शेक एक्स्ली (1949–94) यांनी गुहांतील अपघातांची कारणे अभ्यासून 1979 मध्ये सुरक्षिततेवर पुस्तिका लिहिली. अखंड मार्गदर्शक दोरी धरावी; वायूचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी वापरावा आणि उरलेला राखीव ठेवावा, असे नियम त्यांनी रुजवले. 6 एप्रिल 1994 रोजी ते व त्यांचे सहकारी डायव्हर जिम बोडेन साकातोनचा तळ गाठण्यासाठी वेगवेगळ्या दोरांनी उतरले. वायू अपेक्षेपेक्षा लवकर संपत असल्याचे पाहून बोडेन 282 मी.वरून मागे फिरले आणि वाचले. एक्स्ली परतले नाहीत. पुढे दोर ओढून घेताना त्यांचा मृतदेह मिळाला. मनगटावरच्या खोलीमापकावर सुमारे 268 मी.ची नोंद होती.

सर्वेक्षण : 2007 मध्ये नासाच्या अर्थसाहाय्याने बनलेल्या ‘डेप्थएक्स’ या स्वयंचलित यंत्रमानवाने सोनारच्या साहाय्याने कुंडाचा त्रिमितीय नकाशा तयार केला आणि भिंतींवरच्या सूक्ष्मजीवांचे नमुने घेतले. गुरूच्या युरोपा उपग्रहावरील बर्फाखालच्या समुद्राचा शोध घेण्याची ही पूर्वतयारी होती. एक्स्ली व बोडेन यांना जो तळ गाठता आला नाही, त्याचे मोजमाप कोणाचाही जीव धोक्यात न घालता झाले. एक्स्ली यांनी रुजवलेले नियम मात्र जगभरच्या गुहा-डायव्हिंग प्रशिक्षणात आजही पहिल्या धड्यांतच शिकवले जातात.