जिभेचा लगाम

आरशासमोर उभे राहून जीभ टाळूकडे उचलली म्हणजे तिच्या खालच्या अंगास मधोमध एक पातळ, ताणलेली पडदी दिसते. जीभ आणि तोंडाचा तळ यांना जोडणारी ही पडदी प्रत्येक मनुष्यास असते. लॅटिन भाषेत घोड्याच्या लगामास जो शब्द आहे, त्याचे लघुरूप करून शारीरशास्त्राने तिला ‘फ्रेन्युलम’ हे नाव दिले. म्हणजे लहानसा लगाम. नाव समर्पक आहे. काही बालकांत हा लगाम जन्मतःच आखूड किंवा जाड असतो, अथवा जिभेच्या अगदी शेंड्याशी जडलेला असतो. असे मूल जीभ बाहेर काढू गेले की शेंडा मागे खेचला जातो आणि जिभेस पत्त्यांतील बदामासारखी खाच पडते. यास जिव्हाबंध म्हणावयास हरकत नाही. शंभर नवजात बालकांत साधारणपणे चार ते दहांना तो कमीअधिक प्रमाणात आढळतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक.

हा लगाम कापून सैल करावा की आहे तसा राहू द्यावा, हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांवरील आपल्या ग्रंथात, ज्यांची जीभ पुरती मोकळी नसते ते बोबडे बोलतात, असे निरीक्षण नोंदविले. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसास बरे करतो, तेथेही जिभेचे बंधन सुटल्याचा उल्लेख येतो. तो माणूस बहिराही होता; तेव्हा त्यास जिव्हाबंधाचाच विकार असावा असे अनुमान काढणे ओढाताणीचे होईल. परंतु नीट बोलता न येणे म्हणजे जीभ बांधलेली असणे, ही कल्पना त्या काळी किती रुजली होती, हे त्या शब्दयोजनेवरून कळते. पुढील सारा घोटाळा याच कल्पनेतून झाला.

शस्त्रक्रियेचे स्पष्ट वर्णन प्रथम आढळते ते रोमन ग्रंथकार सेल्सस याच्या वैद्यकग्रंथात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या या ग्रंथाच्या सातव्या भागात तो सांगतो की, काहींची जीभ जन्मापासून खालच्या भागास जोडलेली असते. तिचा शेंडा चिमट्याने धरावा, खालची पडदी कापावी, मात्र शेजारच्या शिरांस धक्का लागू देऊ नये. नाहीतर रक्तस्रावाने अपाय होईल. जखम भरल्यावर पुष्कळांना बोलता येते. येथवर एखाद्या साध्या पाठ्यपुस्तकासारखे लिहून सेल्सस थांबत नाही. आपल्या माहितीतील एका रोग्याची हकीकत तो जोडतो. त्याची पडदी कापली, जीभ दातांपुढे चांगली बाहेर येऊ लागली, पण वाचा काही आली नाही. वैद्याने काय करावे याचा नियम सांगता येतो, त्याचे फळ काय मिळेल याचा नेहमीच सांगता येत नाही, असा शेरा मारून तो पुढच्या विषयाकडे वळतो. हा प्रामाणिकपणा पुढच्या अनेक शतकांत कोणी दाखविला असता, तर बऱ्याच जिभा सुखरूप राहिल्या असत्या. सातव्या शतकातील एजायनाचा पॉल याने जन्मजात जिव्हाबंध आणि व्रणाच्या वणामुळे पुढे उद्भवलेला जिव्हाबंध असा भेद करून या ज्ञानात भर घातली.

भारतात या पडदीचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. सुश्रुताने मुखाचे 65 रोग सांगितले असून त्यांत जिभेचे पाच आहेत. त्यांपैकी ‘अलस’ नावाच्या रोगात जीभ ताठरते, म्हणून त्यास जिव्हाबंध समजण्याचा मोह होतो; परंतु अलस ही जिभेखालची दारुण सूज आहे, जन्मजात पडदी नव्हे. पडदी कापण्याचे तपशीलवार वर्णन आपल्याकडे वैद्यकात नव्हे तर योगशास्त्रात सापडते. सुमारे पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत खेचरी मुद्रेचा विधी आहे. जीभ उलटी वळवून टाळूमागील विवरात नेण्यासाठी ती लांब व मोकळी व्हावी लागते. त्याकरिता निवडुंगाच्या पानासारखे धारदार, स्वच्छ शस्त्र घेऊन पडदी केवळ केसभर कापावी, त्यावर सैंधव व हिरड्याचे चूर्ण चोळावे, सात दिवसांनी पुन्हा केसभर कापावी आणि असे सहा महिने करावे, असे तेथे सांगितले आहे. निरोगी जिभेवर असा प्रयोग कोणी करावा, असे आजचा कोणताही शल्यवैद्य म्हणणार नाही. तथापि त्या विधीत दोन गोष्टी ध्यानात येण्याजोग्या आहेत. एकदम खोल कापण्यात धोका आहे हे त्या साधकांस ठाऊक होते, आणि कापलेली पडदी पुन्हा सांधते हेही ठाऊक होते. आजचे वाद याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

युरोपात हे काम पुष्कळ काळ सुइणींच्या हाती होते. एका बोटाचे नख वाढवून धारदार ठेवावयाचे आणि मूल जन्मताच पडदी त्या नखाने तोडावयाची, अशी रीत होती. शल्यवैद्य तिच्यावर कोरडे ओढीत. त्या टीकेत धंद्याची चुरस नव्हतीच असे नाही, परंतु नखातील घाणीचा विचार करता टीका रास्तच होती.

राजघराण्यातही ही शस्त्रक्रिया झाली. फ्रान्सचा तेरावा लुई 27 सप्टेंबर 1601 रोजी जन्मला. त्याचा वैद्य झाँ एरोआर याने त्याच्या बालपणाची रोजनिशी जन्मापासून लिहिली असून ती उपलब्ध आहे. युवराजास अंगावर पिता येईना, तेव्हा तोंडात पाहिले तर जिभेखालची दोरी आड येत होती. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच राजाचा शल्यवैद्य झाक गिय्यमो याने ती तीन वेळा कात्री लावून सोडविली. म्हणजे शस्त्रक्रियेचे कारण दूध पिणे हे होते, बोलणे नव्हे. हाच लुई मोठेपणी तोतरा होता, हे इतिहासप्रसिद्ध आहे. पडदी वेळेवर कापली तरी तोतरेपणा टळला नाही! एवढे ठळक उदाहरण डोळ्यांसमोर असूनही पुढील पिढ्यांनी त्यापासून काही घेतले नाही. त्याच देशातील झाँ लुई पती (1674–1750) या थोर शल्यवैद्याने आणखी एक इशारा दिला. पडदी फार खोल कापली तर मोकळी झालेली जीभ मागे पडून बालकाचा श्वास कोंडू शकतो. शिवाय मूल आपलेच रक्त दुधासारखे चोखून गिळीत राहते आणि रक्तस्राव कोणाच्या लक्षातही येत नाही.

बोलण्याच्या दोषासाठी जीभ कापण्याच्या वेडाने कळस गाठला तो 1841 साली. बर्लिनचा योहान फ्रीडरिख डीफेनबाख हा त्या काळचा नाणावलेला शल्यवैद्य. त्याने 7 जानेवारी 1841 रोजी एका 13 वर्षांच्या तोतऱ्या मुलाच्या जिभेच्या मुळाशी आडवा छेद घेऊन पाचरीसारखा तुकडा काढला. शस्त्रक्रियेनंतर मुलगा अडखळत नाही असे जाहीर झाले मात्र, युरोपभर चढाओढ लागली. पॅरिसमध्ये काहींनी जिभेस जबड्याशी जोडणारे स्नायू तोडले; लंडनमध्ये जेम्स यर्सली याने टॉन्सिल व पडजीभ काढण्याचा सपाटा लावला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनमध्ये झाला तो 1846 साली. वेदनेने जीभ सुजलेला, भ्यालेला रोगी काही दिवस सावकाश बोले, आणि तोच गुण समजला जाई. सूज उतरली की तोतरेपणा परत येई. काही रोगी दगावले. वर्ष संपण्यापूर्वीच ही लाट ओसरली.

तोतरेपणा पडदीमुळे येत नाही, तो बोलण्याच्या लयीतील दोष आहे, हे आज निर्विवाद आहे. मूल उशिरा बोलू लागते त्याचेही कारण पडदी नव्हे. उच्चारांचा प्रश्न मात्र निराळा आहे. आपल्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी वर्णांची स्थाने ठरविली आहेत. ट, ठ, ड, ढ, ण हे मूर्धन्य, म्हणजे जिभेचा शेंडा वर वळवून करावयाचे उच्चार. मराठीत त्यांच्या जोडीला ‘ळ’ आहे. तेव्हा आखूड पडदीची अडचण मराठी मुलास इंग्रज मुलापेक्षा अधिक जाणवावी, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात जीभ मोठी हिकमती असते. शेंडा उचलत नसेल तर मधला भाग उचलून ती काम भागविते, आणि जिव्हाबंध असलेली पुष्कळ मुले स्वच्छ बोलतात. वाचा फुटावी म्हणून वेखंड मधात उगाळून चाटविण्याची रीत घरोघर होती. पडदीवर तिचा परिणाम होण्याचे कारण नाही. आणि एक वर्षाखालील बालकास मध देऊच नये, असे बालवैद्यक आता बजावते.

खरा प्रश्न लुईच्या वेळी होता तोच, दूध पिण्याचा. अंगावर पिताना बालकाची जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येऊन पन्हळीसारखी होते आणि खाली जाताना तोंडात पोकळी निर्माण करून दूध ओढते. जीभ पुढे येत नसेल तर हिरडी आईच्या स्तनाग्रावर घासते. आईस चिरा पडतात, वेदनेने डोळ्यांत पाणी येते. मूल दमून झोपते, पुन्हा भुकेने उठते, वजन वाढत नाही. विसाव्या शतकात पाश्चात्य देशांत बाटलीच्या दुधाचा प्रसार झाला आणि बाटलीतून दूध सहज येत असल्यामुळे ही तक्रारच दिसेनाशी झाली. 1963 साली वॉलेस या ब्रिटिश शल्यवैद्याने ‘लॅन्सेट’मध्ये जिव्हाबंधाची व्याख्या केली, ती जीभ खालच्या दातांपुढे येते की नाही यावर. तान्ह्या मुलास दातच नसतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्तनपानाचा पुरस्कार पुन्हा सुरू झाल्यावर कात्रीही परतली. ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने 2005 साली स्तनपानासाठी ही क्रिया करण्यास हरकत नसल्याचे सांगितले. ब्राझीलने 2014 साली प्रत्येक नवजात बालकाची पडदी तपासण्याचा कायदाच केला. अमेरिकेच्या रुग्णालयांतील नोंदींवरून असे दिसते की, 1997 साली 1,279 बालकांची पडदी कापली गेली, तर 2012 साली 12,406 जणांची. पंधरा वर्षांत मुलांच्या जिभा दसपट आखूड झाल्या असे कोण म्हणेल? 2017 साली पाच चाचण्यांतील 302 बालकांच्या माहितीचा एकत्र विचार झाला. आईची वेदना काही काळ कमी होते एवढे त्यातून दिसले. मूल अधिक चांगले पिऊ लागते हे निश्चित सिद्ध झाले नाही. त्या 302 मुलांच्या आयांच्या दृष्टीने पहिली गोष्ट लहान नव्हे, हेही नमूद केले पाहिजे.

या लाटेबरोबर वरच्या ओठाची पडदीही कात्रीखाली आली. पूर्वी तिचा विचार दंतवैद्य करीत. पुढच्या दोन दातांतील फट या पडदीमुळे राहते, असे दंतरचनाशास्त्राचे अमेरिकन प्रवर्तक एडवर्ड अँगल यांचे मत होते. पुढे असे आढळले की सुळे येताच, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, बहुतेक मुलांची ती फट आपोआप बुजते. आता दूध पिण्याच्या तक्रारीवरून तान्ह्या मुलांचा ओठ कापला जाऊ लागला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 100 नवजात बालके तपासली, तेव्हा ही पडदी सर्वांनाच होती. 2020 साली अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मंडळाने तान्ह्या वयात ती असणे स्वाभाविक असल्याचे मान्य केले.

कापण्याची गरज खरोखर ठरलीच, तर काम काही क्षणांचे असते. आधी मूल नीट धरून पाजण्याचे प्रयत्न केलेले असावेत, आणि त्यास जन्मानंतर ‘के’ जीवनसत्त्वाची सुई दिली आहे ना, हे विचारले जावे. ती नसल्यास रक्त थांबण्यास अडचण येते. मुलास कापडात घट्ट गुंडाळून जीभ उचलतात. त्यासाठी शल्यवैद्यांच्या पेटीत एक जुने साधन असते. पन्हळीच्या आकाराच्या सळईस एका टोकाला चपटी, मधोमध चिरलेली पट्टी असते. त्या चिरेत पडदी बसते आणि जिभेच्या शिरा व लाळेच्या नळ्यांची तोंडे आडोशाला राहतात. बोथट टोकांच्या कात्रीने पडदी कापतात आणि मूल लगेच आईच्या अंगावर देतात. चोखण्याच्या दाबानेच रक्त थांबते. पुढे काही दिवस जिभेखाली पांढुरका, पिवळसर चट्टा दिसतो. आजी घाबरतात, तो पू नव्हे, जखम भरत असल्याची खूण असते.