यूपीएस (घरगुती संगणकासाठी)

मुख्य वीजपुरवठा खंडित होताच स्वतःच्या बॅटरीतून संगणकाला वीज पुरवणारे उपकरण. भारतात घरोघरी आढळणारा यूपीएस बहुधा ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा असतो आणि त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. दुकानात त्याची पारख ‘बॅकअप किती मिनिटांचा?’ या एकाच प्रश्नाने होते आणि गैरसमजाची सुरुवातही तिथूनच होते. घरगुती यूपीएसची मिनिटे काम पुढे चालू ठेवण्यासाठी नसतात. हातातले काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी ती दिलेली असतात. हे ध्यानात घेतले, तर यूपीएस कोणता घ्यावा, त्याला काय जोडावे, काय जोडू नये आणि तो निकामी झाला असे केव्हा मानावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात.

आपल्याकडील वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. संगणकाच्या एसएमपीएसमधील (आतल्या वीजपुरवठा संचातील) धारित्रे थोडी ऊर्जा साठवून ठेवतात. पुरवठा तुटल्यावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, अशी अपेक्षा अशा संचांसाठीच्या एटीएक्स आराखड्यात आहे. याचा अर्थ जेमतेम एक आवर्तन हुकले तरी संगणक बंद पडू शकतो. त्या क्षणी पडदा काळा होतो, पण खरे नुकसान वेगळेच असते. कार्यप्रणाली वेग वाढवण्यासाठी लिहायचा मजकूर काही सेकंद स्मृतीतच धरून ठेवते आणि मग डिस्ककडे पाठवते. डिस्कही आपल्या छोट्या स्मृतीत तो पुन्हा अडवते. त्यामुळे ‘जतन झाले’ असे दिसूनही फाइल अर्धवट लिहिलेली असू शकते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ या फाइलव्यवस्था बदलांची नोंद आधी जर्नलमध्ये करतात, म्हणून आजचे संगणक अशा प्रसंगातून बहुतेक वेळा सावरतात. मात्र हे संरक्षण मुख्यतः फाइलव्यवस्थेच्या सांगाड्याचे असते. फाइलमधील मजकूर शाबूत राहील याची हमी त्यात नसते. एसएसडीमुळे हा धोका संपला, असेही म्हणता येत नाही. कोणता मजकूर कोणत्या पेशीत आहे याची सारणी एसएसडीला सतत अद्ययावत ठेवावी लागते. वीज गेल्यावरही ते काम पुरे करू देणारी जादा धारित्रे प्रामुख्याने सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडीत असतात, घरगुती वापराच्या एसएसडीत सहसा नसतात. बायोस अद्ययावत होत असताना वीज गेली, तर मदरबोर्डच निकामी होण्याची भीती असते.

‘आता पूर्वीसारखे भारनियमन राहिले नाही, मग यूपीएस कशाला?’ हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने आणि लहान शहरांनी रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले आणि २०१२ नंतर ते बरेच ओसरले, हे खरे आहे. पण संगणकाला घातक ठरतो तो वीज जाण्याचा क्षण. त्यानंतरचा अंधार किती लांबतो याने त्याला फरक पडत नाही. भारनियमनाची वेळ निदान ठाऊक असे आणि माणूस आधीच संगणक बंद करून ठेवत असे. वळवाच्या पावसात तारांवर फांदी टेकते, वीजवाहिनी खंडित होते, काही सेकंदांत पुन्हा जोडली जाते आणि दोष कायम असेल तर पुन्हा तुटते. अशा दोन-तीन झटक्यांची पूर्वसूचना कोणालाच मिळत नाही. पुरवठा परत येताना दाब वरखाली होतो, तो त्रास निराळाच. या चार-दोन सेकंदांच्या खंडांत लहानसा यूपीएस पूर्ण उपयोगी पडतो. उलट १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत सकाळी गेलेली वीज काही भागांत परतायला कित्येक तास लागले. तेवढा वेळ कोणताही घरगुती यूपीएस संगणक चालवू शकला नसता. रीतसर बंद करण्याइतका अवधी मात्र त्या दिवशीही प्रत्येक चालू यूपीएसने दिला असता.

यूपीएसचे तीन प्रकार आहेत. ऑफलाइन प्रकारात संगणक थेट मुख्य विजेवर चालतो आणि वीज गेली की रिले काही मिलिसेकंदांत त्याला बॅटरीकडे वळवतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारात याखेरीज दाब सावरणारे रोहित्र असते. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तरी ते बॅटरीला हात न लावता तो वर उचलते. जिथे संध्याकाळी दिवे मंदावतात अशा गावांत आणि उपनगरांत हाच प्रकार घ्यावा, कारण त्यात बॅटरी किरकोळ कारणांसाठी खर्ची पडत नाही. ऑनलाइन प्रकारात वीज सतत एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते आणि बदलीचा काळ शून्य असतो. तो रुग्णालयातील उपकरणांना आणि सर्व्हरना योग्य आहे. घरासाठी त्याची किंमत, उष्णता आणि पंख्याचा आवाज परवडत नाही. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध ज्यालहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. साध्या एसएमपीएसला ती चालते, पण शक्तिगुणक सुधारणारे मंडल असलेले काही एसएमपीएस तिच्यावर बंद पडतात. खेळांसाठी किंवा चित्रफीत संपादनासाठी भारी संगणक घेणाऱ्याने शुद्ध ज्यालहरीच्या यूपीएसलाच पैसे मोजावेत.

क्षमतेचा हिशेब ग्राहकाने स्वतः करावा, कारण खोक्यावरचा मोठा आकडा व्हीएचा असतो, वॅटचा नव्हे. शक्तिगुणक ०.६ धरला तर ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच उचलतो. बॅटरीत १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास ऊर्जा असते. संगणक आणि पडदा मिळून १५० वॅट घेत असतील आणि रूपांतरात पाचवा हिस्सा वाया जात असेल, तर कागदावर सुमारे २७ मिनिटे मिळायला हवीत. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवरही पंधराएक मिनिटेच मिळतात. बॅटरीवर छापलेले ७ अँपिअर-तास २० तासांच्या संथ वापराचे असतात आणि शिसे-आम्ल बॅटरी जितक्या वेगाने रिकामी करावी तितकी कमी ऊर्जा देते. म्हणून मिनिटे वाढवण्यापेक्षा भार कमी करण्यात शहाणपण आहे. यूपीएसला संगणक, एक पडदा आणि इंटरनेटचा राउटर एवढेच जोडावे. लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. आतला रूळ तापवताना तो क्षणभर इतका प्रवाह ओढतो की यूपीएस त्याच्यासकट संगणकालाही बंद पाडतो.

घरात इन्व्हर्टर असताना वेगळा यूपीएस कशाला, हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतला नेहमीचा प्रश्न आहे. दिवे-पंख्यांसाठीच्या इन्व्हर्टरला बदलीसाठी जास्त वेळ लागला तरी चालतो, कारण पंखा त्या काळातही फिरत राहतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस प्रणालीचा वेगळा खटका असतो. तो लावला की बदली जलद होते आणि कमी-जास्त दाबाची सहनमर्यादाही आखूड होते. असा शुद्ध ज्यालहरीचा इन्व्हर्टर खरोखर संगणक सांभाळू शकतो आणि तिथे दुसरा खर्च अनाठायी आहे. पण इन्व्हर्टर संगणकाला काही कळवत नाही. घरात कोणी नसताना त्याची बॅटरी संपली, तर संगणक तसाच आडवा पडतो. यूएसबी तारेने जोडलेला यूपीएस बॅटरी उतरत असल्याचे कळवतो आणि विंडोज किंवा लिनक्स आपणहून फाइली बंद करून थांबू शकतात. ही सोय स्वस्त यूपीएसमध्ये गाळलेली असते आणि मिनिटांच्या आकड्याकडे पाहणाऱ्या ग्राहकाच्या ते लक्षातही येत नाही. माझ्या मते खरेदीची पहिली अट तीच असावी. लॅपटॉपचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा: त्याची स्वतःची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असल्याने त्याला दुसऱ्याची गरज नाही. लॅपटॉपवरून दूरस्थ काम करणाऱ्याचा राउटर तेवढा उघडा पडतो आणि त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा लिथियम यूपीएस पुरतो.

यूपीएस म्हणजे वीज कोसळण्यापासून कवच, हा समज सोडून द्यावा. त्यातील व्हॅरिस्टर दाबाच्या लहान उसळ्या शोषतात. जवळ पडलेल्या विजेपुढे ते टिकत नाहीत. अर्थिंग नसेल तर त्यांचे संरक्षण आणखी लंगडे पडते. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तुटला तर एका घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. अशा वेळी यूपीएस स्वतः जळून संगणक वाचवील, यावर भिस्त ठेवू नये. गडगडाटात प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार दोन्ही काढून ठेवणे हाच उपाय आहे. तसेच यूपीएसमुळे फाइलींची दुसरी प्रत ठेवण्याची गरज संपत नाही. डिस्क वीज असतानाही मरते.

घरगुती यूपीएसचे सर्वांत मोठे अपयश आरेखनात नाही, जुन्या बॅटरीत आहे. या बॅटऱ्यांचे आयुष्य २० ते २५ अंश तापमानाला मोजलेले असते आणि दर १० अंश वाढीला ते साधारण निम्मे होते. विदर्भातला उन्हाळा आणि टेबलाखालची कोंदट जागा एकत्र आली की दोन-तीन वर्षांत बॅटरी संपते. यूपीएसचा दिवा मात्र हिरवाच राहतो आणि पहिल्याच झटक्याला संगणक यूपीएस नसल्यासारखा बंद होतो. म्हणून दर तीन महिन्यांनी, आणि मेअखेरीस तर नक्कीच, काम जतन करून भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग तसाच ठेवावा म्हणजे अर्थिंग तुटत नाही. नेहमीच्या भारावर पाच मिनिटेही मिळाली नाहीत तर बॅटरी बदलावी. नव्या यूपीएसपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. जुनी बॅटरी शिसे आणि आम्लासकट भंगारात न टाकता दुकानात परत द्यावी. ती गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.