पाटील, स्मिता

(१७ ऑक्टोबर १९५५ – १३ डिसेंबर १९८६). मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री आणि मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका. जन्म पुण्याचा. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे राजकीय नेते व राज्यातील मंत्री, तर आई विद्याताई समाजकार्यात होत्या. खानदेश त्यांना आपली लेक मानतो तो या घराण्याच्या नात्याने. मात्र पडद्यावर त्यांच्या तोंडून ऐकू येते ती अहिराणी नव्हे, पुण्यात घडलेली मराठी.

त्यांच्याविषयी लिहिताना डोळे आणि सावळा चेहरा यांवरच भर दिला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे, कारण त्यांच्या अभिनयाचा पाया आवाजात आहे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि लवकरच त्या तेथे मराठी बातम्या वाचू लागल्या. बातमीपत्रात हातवारे नसतात, पार्श्वसंगीताचा आधार नसतो; अर्थ पोचवायचा तो शब्दावरच्या नेमक्या जोरातून आणि विरामातून. श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते याच कामामुळे, आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ हे चित्रपट आले. त्या काळच्या हिंदी नायिकेचा आवाज पातळ आणि गोड असावा अशी अपेक्षा असे. स्मिता पाटील यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा, किंचित जाडसर होता आणि तो गोड करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’मध्ये (१९७७) नायिकेचे वय वाढत जाते, ते रंगभूषेइतकेच बोलण्याच्या मंदावत्या लयीतूनही जाणवते. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मधील (१९८२) सुलभा महाजन संस्थाचालकांशी वाद घालते तेव्हाही तिचे शब्द मोजके आणि स्वर सरळ असतो, विनवणीचा सूर त्यात नाही, म्हणूनच तिचा विरोध ठाम वाटतो.

वृत्तनिवेदनाच्या शिस्तीने अभिनय कोरडा होतो, असा आक्षेप घेता येईल. त्याला उत्तर ‘सद्गती’त (१९८१) मिळते. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेल्या या चित्रपटात नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्यांनी साकारलेली झुरिया जो आक्रोश करते, त्यात संयमाचा मागमूस नाही. आवाज कुठे रोखायचा हे ठाऊक असल्यानेच तो कुठे सोडायचा हेही त्यांना उमगले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ (दोन्ही १९८२) यांनी त्यांना घरोघरी पोचवले, आणि तेथे या आवाजाला फारसा वाव नव्हता, गाणी तर पार्श्वगायिकांचीच. लोकप्रियतेपुरते हे मान्य करावे लागते. पण अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार ‘भूमिका’ आणि झोपडपट्टीचे जीवन दाखवणाऱ्या ‘चक्र’साठी मिळाले, म्हणजे ज्या चित्रपटांत त्यांचे बोलणे पात्राला घडवते त्यांसाठी. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बाळंतपणानंतरच्या आजाराने अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘मिर्च मसाला’ (१९८७) त्यानंतर प्रदर्शित झाला. ‘वारिस’मधील (१९८८) त्यांच्या भूमिकेला रेखा यांनी आवाज दिला. रेखा स्वतः समर्थ अभिनेत्री. तरीही चेहरा स्मिता पाटील यांचा आणि बोलणे दुसऱ्याचे असताना तीच नजर, तीच मान वळवण्याची ढब परकी वाटते.