विद्युत् रोध व शक्ती यांचे गणन : सातारा व सांगली
विद्युत् दाब (व्होल्ट) व प्रवाह (अँपिअर) ही दोन मापे हाती असली म्हणजे त्यांच्या भागाकाराने संवाहकाचा रोध (ओहम) व गुणाकाराने खर्च होणारी शक्ती (वॉट) मिळते. शालेय पुस्तकात दोन ओळींत मावणारे हे गणित स्थिरावण्यास सु. ऐंशी वर्षे लागली. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पुढे धरणापासून निघणाऱ्या तारवाहिन्या, शेतकऱ्याचा पंप व त्याचे देयक या तिन्ही बाबी त्याच्याशी निगडित झाल्या.

व्होल्टा यांची घटमाला १८०० साली तयार झाली. परंतु तिचा दाब स्थिर राहात नसल्याने अचूक मापन होत नसे. जर्मन शिक्षक गेओर्ख झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी १८२६ च्या सुमारास घटमालेऐवजी तांबे व बिस्मथ यांचे तपयुग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला, आणि चुंबकसूचीच्या विचलनावरून प्रवाह मोजता आला. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण मायदेशात त्याची प्रारंभी उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले. त्याच सुमारास जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी तारेतील उष्णता ही प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे दाखविले. व्होल्ट, ओहम व अँपिअर ही एकके पॅरिस येथील १८८१ च्या परिषदेत ठरली; वॉटला १८८९ मध्ये मान्यता मिळाली.

ज्यूल यांच्या नियमातील ‘वर्ग’ हा शब्द सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथील कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन पोफळी (जि. रत्नागिरी) येथील भूमिगत केंद्रात १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ही वीज मुंबईकडे २२० किलोव्होल्ट दाबाने पाठविण्यात आली. ६५,००० किवॉ. शक्ती या दाबाने त्रिकला पद्धतीत पाठविताना, शक्तिगुणक १ धरल्यास, प्रत्येक तारेत सु. १७० अँपिअर प्रवाह असतो. ११ किलोव्होल्टने तीच शक्ती पाठविल्यास तो सु. ३,४०० अँपिअर होईल. प्रवाह वीसपट, म्हणून त्याच तारेतील व्यय चारशेपट. एवढा व्यय सोसणारी तारवाहिनी उभारणे व्यवहार्य नव्हते.

खेड्यातील चित्र वेगळे आहे. मोटेची जागा आधी तेल एंजिनाने व नंतर विजेच्या मोटरीने घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानात १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीत (जि. सांगली) लोखंडी नांगरांपाठोपाठ पंपही तयार होऊ लागले. ५ अश्वशक्तीची (३,७३० वॉट) मोटर ४१५ व्होल्ट दाबाला पूर्ण भारावर सु. ७.५ अँपिअर प्रवाह घेते. प्रत्यावर्ती प्रवाहात केवळ दाब व प्रवाह यांचा गुणाकार पुरत नाही. शक्तिगुणकही विचारात घ्यावा लागतो. तो धरता मोटरीस सु. ४,५०० वॉट द्यावे लागतात. समजा, रोहित्रापासून दूरच्या मळ्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक तारेचा रोध अर्धा ओहम आहे व अनेक पंपांचा मिळून ६० अँपिअर प्रवाह तीतून वाहतो. मग प्रत्येक कलेत सु. ३० व्होल्ट वाटेतच खर्च होतात व टोकाला ४१५ ऐवजी सु. ३६४ व्होल्ट उरतात. तीन तारा तापण्यात ५,४०० वॉट जातात, म्हणजे एका पंपाला लागणाऱ्या शक्तीहून अधिक. पाणी तेवढेच उपसायचे असल्याने मोटर जास्त प्रवाह घेते; तिच्या वेटोळ्यांतील उष्णता सव्वापटीहून अधिक वाढते व निरोधक आवरण करपते. जळालेली मोटर जाड तारेने भरून घेतली, तर ती आणखी प्रवाह ओढते आणि शेजाऱ्याचा दाब आणखी उतरतो. धारित्र बसविणे हा स्वस्त उपाय खरा. पण तो एकट्याने करून भागत नाही.

याच पंपांचे देयक मात्र पुष्कळ काळ मोजमापाशिवाय निघत राहिले. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने (स्थापना १९६०) शेतीपंपांसाठी अश्वशक्तीवर आधारलेली आकारणी लागू केली. पंप किती तास चालला व टोकाला दाब किती होता, याचा तीत विचार नव्हता. पाटीवर कमी अश्वशक्ती दाखविण्याचे प्रकार येथे व अन्य राज्यांतही आढळले. दुसरीकडे, शेतीचा एकूण वापर अंदाजानेच ठरत असल्याने वाहिन्यांतील गळतीही त्या आकड्यात सामावली जाई. राज्य वीज नियामक आयोगाने २००० मध्ये हा अंदाज खाली आणला, तेव्हा गळतीचा आकडा तेवढाच वर गेला. शेतकऱ्यांच्या नावावर लिहिलेली काही वीज त्यांच्या मळ्यात पोहोचलीच नव्हती, असा याचा अर्थ होतो. टेंभू (ता. कराड) व म्हैसाळ (ता. मिरज) येथील मोठ्या उपसा सिंचन योजनांची वीज मात्र मोजली जाते, आणि देयक थकल्यामुळे उपसा थांबण्याचे प्रसंग तेथे आले आहेत.

मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले. २०२४ मध्ये शासनाने ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना सुरू केली. तिची मर्यादाही मोजलेल्या युनिटांवर नसून अश्वशक्तीवर ठरविलेली आहे.